काकांच्या नावाची बिल्टी

"पदरचं सांगत नाही गं, पण ह्यांनी जन्मात सुता-कापडाशिवाय काही विकलं नाही. आणि आता जर्मनीहून उत्तर, की तुमचं वजन उतरवायच्या गोळ्यांचं पत्र पोचलं नाही म्हणून!"

चादर पिळता पिळता काकूंनी भिंतीवरून सुरुवात केली. कामतघरला आमची दोन घरं, मधे कमरेएवढी भिंत. काकांचा बारा मागांचा कारखाना. कारखान्याच्या नावाचा मेल मुलानं घेऊन दिलेला, तो बिलं आणि जीएसटीपुरता. मी मानकोलीच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसते, म्हणून असली दुखणी माझ्याकडे येतात.

काका बनियनवरच बाहेर आले. "रात्रीपासून दीडशे आली. मग मोजायचं सोडलं. पासवर्ड तीनदा बदलला!"

"पाठवलेल्या पत्रांत गोळ्यांचं एखादं आहे का?"

"एकही नाही."

"कुठून कुठून लॉगिन झालंय ते?"

"पोरानं बघितलं. सगळं आमचंच."

"मग घरात कुणी शिरलेलं दिसत नाही, काका. असं बघा, अंजूरफाट्यावर कुणी टेम्पो भरला, बिल्टीवर पाठवणारा म्हणून तुमचं नाव ठोकलं. नागपूरला घेणारा सापडला नाही. गाठ परत कुणाच्या दारात?"

"माझ्या!"

"आणि भाडं ह्यांच्याच बोडक्यावर," काकू म्हणाल्या.

मेलची ही रीत १९८२ची, जॉन पोस्टेल यांनी लिहून काढलेली. तेव्हा त्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं नि संशोधक. पाठवणाऱ्यानं जे नाव सांगितलं तेच खरं. बिल्टी तपासायची सोयच ठेवली नव्हती. म्हणून आजही काकांच्या नावानं पत्र टाकायला काकांची किल्ली लागत नाही.

मला चोरापेक्षा राग येतो तो पलीकडच्या वॉचमनचा. टेम्पो फाटकावर असतानाच "असा माणूस इथे राहत नाही" म्हटलं, की माल आणणाऱ्याच्याच गळ्यात राहतो. पण काही सर्व्हर आधी गाठ उतरवून घेतात, टेम्पो गेल्यावर पत्ता शोधतात, आणि मग बिल्टीवरच्या नावाकडे परत धाडतात. या उलट येणाऱ्या कचऱ्याला बॅकस्कॅटर म्हणतात. गंमत अशी, की परतीच्या लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवतात. नाहीतर दोन टपालघरं एकमेकांना "पोचलं नाही, पोचलं नाही" म्हणत जन्मभर बसली असती.

"आमच्या जावांसारखी," काकू.

"पण मग मी करायचं काय?" काका वैतागले. "प्रत्येकाला लिहू, की तो मी नव्हेच?"

"अजिबात नको. उघडायची पण नाहीत, कुणी कुणी परत आलेल्या पत्राचं सोंग करून व्हायरस घुसवतात. तुमच्या डोमेनच्या नोंदीत एक यादी लावायची: माझा माल फक्त ह्याच ट्रान्सपोर्टनं जातो. त्याला एसपीएफ म्हणतात. डीकिम म्हणजे गाठीवरचं सील. आणि डीमार्क म्हणजे फाटकावरची पाटी: यादीही जुळत नाही, सीलही नाही, तर माल आत घेऊ नका. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूनं ढिगानं मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलंय. तुमच्या पोराला म्हणावं, यादीत जीएसटीचं बिल पाठवणारं सॉफ्टवेअर विसरू नकोस. नाहीतर चोराबरोबर तुमचीही बिलं फाटकावरून परत."

जे वॉचमन पाटी वाचतच नाहीत त्यांना काय करणार? तेवढी पत्रं येतच राहणार. पण अशी लाट बहुधा काही दिवसांत ओसरते. चोर दुसऱ्याचं नाव धरतो.

"पोलिसात?"

"आयटी कायद्यात एक कलम होतं, ६६अ. मेल कुणाकडून आला याबद्दल फसवणं त्यातच बसायचं. पण ते भलत्यांवरच चाललं. २०१२ साली आपल्या पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी धरलं, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यावरून श्रेया सिंघल सुप्रीम कोर्टात गेली, आणि मार्च २०१५मध्ये अख्खं कलमच गेलं. तोतयेगिरी करून फसवलं तर ६६ड आहे अजून, तीन वर्षांपर्यंत कैद. सूतवाल्या शेठच्या नावानं 'खातं बदललंय, पैसे इथे टाका' असा मेल आला तर आधी शेठला फोन. पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन."

काका गप्प झाले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्यांनी हात लांब करून वाचलं. "ब्राझील."

काकूंनी चादर झटकून दोरीवर टाकली. "बघ, ह्यांचं नाव ब्राझीलला पोचलं. धामणकर नाक्यावरचा रिक्षावाला अजून विचारतो, कुठले शेठ?"