ट्रॅक्टर भाड्यानं चालतो, उधारीवर नाही

घरच्या चार एकरांच्या जिवावर आठ लाखांचा ट्रॅक्टर फिटत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी तो दारात येतो, हार घालून त्याची पूजा होते. कारण विकणारा एक वाक्य हमखास ऐकवतो : घरचं भागवा, बाहेर भाड्यानं मारा, हप्ता आपोआप निघेल. हप्ता आपोआप निघत नाही. तो जूनमधल्या रात्री अकरा वाजता, दुसऱ्याच्या रानात, दिव्याच्या उजेडात डोळे ताणून निघतो. आणि एवढं करूनही निघेलच याचा भरवसा नाही.

भाड्याच्या ट्रॅक्टरविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. आजची महाराष्ट्रातली शेती त्याच्यावरच उभी आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकर. वाटण्या त्यानंतरही थांबलेल्या नाहीत. एवढ्याशा रानासाठी बैलजोडी वर्षभर दावणीला बांधून खायला घालणं कुणाला झेपत नाही, म्हणून गोठे रिकामे झाले. नांगरट, रोटर, पेरणी, सरी सोडणं, मळणी, सगळं शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याच्या भरवशावर. तो वेळेवर आला तर हंगाम साधतो, नाही आला तर वर्ष जातं. म्हणूनच त्याचा धंदा नीट चालला पाहिजे. तो चालत नाही, आणि त्यात डिझेलच्या भावाचा दोष कमी, आपल्या वागण्याचा जास्त.

आधी हिशेब मांडू. ४५ एचपीचा ट्रॅक्टर, मागे रोटर. एकरी भाव १५०० रुपये धरू. गावागणिक आणि जमिनीगणिक भाव बदलतो, हिशेबाची रीत बदलत नाही. एकराला सव्वा तास, साडेसहा लिटर डिझेल. लिटरला ९० धरले तर ५८५ रुपये जळले. उरले ९१५. बहुतेक ट्रॅक्टरवाले इथंच वही मिटतात आणि ९१५ ला कमाई म्हणतात.

आता पुढचं पान. ट्रॅक्टर ८ लाखांचा, त्यावर ६ लाखांचं कर्ज, १२ टक्क्यांनी. पहिल्या वर्षाचं व्याज ७२ हजार. वर्षात ट्रॅक्टर ४०० तास चालला तर तासाला १८० रुपये नुसतं व्याज, एकरामागे २२५. दहा वर्षांनी तो अडीच लाखांना गेला असं धरा. मधली साडेपाच लाखांची झीज ४००० तासांवर वाटली की एकराला १७२. ड्रायव्हरचे १५०, मालक स्वतः बसत असला तरी हे धरायचेच, त्याची कंबर फुकटची नाही. ऑइल, फिल्टर, टायर, रोटरची पाती यांचे १००. बेरीज ६४७. हातात राहिले २६८ रुपये. यात रोटरची स्वतःची किंमत नाही, एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाताना रस्त्यावर जळलेलं डिझेल नाही. मुरमाड रान असलं तर पात्यांच्या कडा डोळ्यांदेखत झिजतात; तिथं १०० रुपये कुठल्या कुठे जातात.

हाच ट्रॅक्टर वर्षाला १००० तास चालवा. दहा वर्षांनी एक लाख आले तरी चालतील. व्याज एकराला ९० वर येतं, झीज ८८ वर. बाकीचे खर्च तेच. हातात ४८७ राहतात. भाव एक रुपयानं वाढवला नाही आणि एकरामागचा नफा पावणेदोनपटीच्या वर गेला. यंत्रांचा हिशेब करणारे शेती अभियंते वर्षाला १००० तास धरतात ते याचसाठी. या धंद्यातला पैसा भावात नाही, तासांत आहे.

आणि तास कुठून येणार? गावचं रान तेवढंच आहे. सरकार ट्रॅक्टरला अनुदान देतं. महाडीबीटीवर अर्ज करायचा, नंबर लागला तर लाख-सव्वा लाख मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, टायर आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर. घेणाऱ्याचा फायदा झाला, ते चांगलंच. पण स्वस्त झालेला प्रत्येक नवा ट्रॅक्टर त्याच शिवारातले तास वाटून घेतो. दोन भावांचं पटत नाही म्हणून एका वाड्यात दोन ट्रॅक्टर उभे राहतात, मग दोघंही भाव पाडून गिऱ्हाईक ओढतात, आणि दोघांचाही सहामाही हप्ता थकतो. अनुदान देणाऱ्यानं अर्जासोबत एवढंच विचारावं : तुझ्या गावात आधीचे किती ट्रॅक्टर आहेत आणि ते वर्षाला किती तास चालतात? हा प्रश्न कुठल्याच अर्जात नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. उधारी.

वर काढलेले २६८ रुपये लक्षात ठेवा. एका एकराचे १५०० बुडाले तर ते भरून काढायला पुढच्या जवळपास सहा एकरांची कमाई जाते. एकानं बुडवलं की सहा जणांच्या रानात ट्रॅक्टर फुकट फिरला. आणि बुडवणारा परका नसतो. तो भावकीतला असतो, पाहुण्यातला असतो, पारावर रोज शेजारी बसणारा असतो.

“तात्या, तेवढं नांगरटीचं राहिलंय.”

“देतो की रं. सोयाबीन जाऊ दे बाजारात. घरचाच माणूस हाईस तू.”

सोयाबीन बाजारात जातं. आलेल्या पैशातून कृषी सेवा केंद्राची बाकी फिटते, कारण ती थकली तर रब्बीचं खत मिळणार नाही. सोसायटीचं फिटतं, कारण नाही फिटलं तर नवं कर्ज बंद. दवाखाना, शाळा, लग्नाचा आहेर, सगळं होतं. ट्रॅक्टरवाला मात्र घरचाच असतो, म्हणून तो राहतो. पंपावर त्याला कुणी घरचा म्हणत नाही. तिथं रोख मोजल्याशिवाय नळी टाकीत जात नाही. रोख डिझेल भरून उधारीवर रान नांगरून देणारा हा माणूस गावाला बिनव्याजी कर्ज देतोय, तेही स्वतः १२ टक्क्यांनी काढून. त्याच्या वहीत नाव असलेल्या प्रत्येकाला हे कळतं. कळून न देणं याला गरिबी म्हणत नाहीत. ज्याच्याकडे खरंच नाही तो येऊन सांगतो, निम्मे देतो, मजुरीला येऊन फेडतो. थकवणारे बहुतेक वेळा दहा-बारा एकरवालेच असतात.

ट्रॅक्टरवाल्यांनीही थोडं ताठ व्हावं. निम्मे पैसे रान धरण्याआधी, निम्मे शेवटचा तास संपल्यावर, बांधावरच. मोबाइलवरून पैसे पाठवायला आज कुणाला तालुक्याला जावं लागत नाही. भाव आधी ठरवा आणि काम एकरावर की तासावर तेही आधीच बोला, कारण निम्मी भांडणं तिथंच उगवतात. एकरावर काम असलं की ड्रायव्हर वरच्या गिअरमध्ये पळवतो, नांगर वरवर चालतो, ढेकळं तशीच राहतात. तासावर असलं की शेतकरी घड्याळ धरून बांधावर उभा आणि ड्रायव्हर वळण घ्यायला वेळ लावतो. नांगरटीला आणि कठीण रानाला तास बरा, रोटरला आणि पेरणीला एकर बरा. खोली किती घ्यायची ते काम सुरू होण्याआधी टेपनं मोजून ठरवावं. ओळखीच्या माणसाशीसुद्धा.

या धंद्याची खरी परीक्षा वाफशाला होते. पेरणीजोगा, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होतो. दोन दिवस उघडीप मिळते. माती मुठीत धरली तर गोळा होतो आणि टाकली तर फुटते. त्या सकाळी सहा वाजल्यापासून ट्रॅक्टरवाल्याचा फोन खाली राहत नाही. अख्ख्या गावाला तीच सकाळ हवी असते. मोठ्या खातेदाराचं आठ एकराचं रान एका दमात होतं, वळणं कमी, डिझेल कमी, म्हणून पहिला नंबर त्याचा. पुढाऱ्याचा दुसरा. वीस गुंठेवाल्या बाईचा नंबर चौथ्या दिवशी लागतो, तोवर वरची ओल उडालेली असते किंवा पुन्हा पाऊस लागून रान चिबडलेलं असतं. नवरा नसलेल्या बाईला तर आजचं उद्या हे उत्तर पक्कंच. मला या धंद्यातलं हे सगळ्यात जास्त खटकतं. ज्याचं रान लहान त्याचीच पेरणी उशिरा, म्हणजे त्याचंच पीक कमी.

यावर तोडगा आहे आणि त्याला सरकारी योजना लागत नाही. एका शिवारातल्या लागून असलेल्या पाच-सहा तुकड्यांच्या मालकांनी मे महिन्यातच एकत्र येऊन ट्रॅक्टरवाल्याशी बोली करावी : आमचे मिळून चार एकर, एकाच दिवशी, एका दमात, पैसे रोख. वीस गुंठ्यांसाठी त्याला दोन मैल यावं लागणार नाही, चार एकरांसाठी तो आनंदानं येईल. त्यानंही बोलीचा दिवस पाळावा. मधेच पुढाऱ्याचा फोन आला म्हणून अर्ध्यातून ट्रॅक्टर काढणाऱ्याला गावानं पुढच्या वर्षी बोलावू नये.

द्राक्षपट्ट्यात छोट्या ट्रॅक्टरवाल्यांनी ही शिस्त बऱ्यापैकी आणली आहे, कारण बागेला भुरीची फवारणी एक दिवस चुकली तर किती नुकसान होतं ते बागवाल्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला दोघांनाही माहीत असतं. ब्लोअर वेळेवर येतो आणि पैसेही वेळेवर जातात. जिरायत पट्ट्यात हे का जमू नये?

ऊस वाहतुकीबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती मोठी आहे. ट्रॉली घेतली, कारखान्याशी करार केला, की ऊसतोड मजुरांची टोळी आणायची जबाबदारी वाहनमालकावर येते. मुकादमाला लाखांत उचल द्यायची, ती कर्ज काढून. हंगामाच्या तोंडावर मुकादम फोन उचलत नाही, टोळी दुसऱ्याच कारखान्याच्या फडात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात अशा कहाण्या गावोगाव ऐकायला मिळतात. तिकडे कोयता धरणारं जोडपंही त्याच उचलीखाली दबलेलं असतं, ते वेगळं. दोन कष्टकऱ्यांच्या मधे उभा राहून मुकादम खातो, आणि ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो तो कारखाना उचलीची जोखीम स्वतःवर घेत नाही. जोडधंदा म्हणून कुणी यात उतरणार असेल तर मी त्याला स्पष्ट सांगेन, उतरू नकोस. निदान पहिल्या तीन वर्षांत नकोच. नांगरट, रोटर, पेरणी, मळणी, एवढ्यात धंदा होतो.

आणखी एक. रोटर फिरवणारा पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याच्यावरचं प्लास्टिकचं कवच पहिल्याच हंगामात मोडतं किंवा अडचण होते म्हणून काढून टाकतात. उपरण्याचं टोक, साडीचा पदर, पोराच्या शर्टाची बाही, काहीही त्यात सापडलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आठ लाखांचा ट्रॅक्टर घेणाऱ्यानं ते कवच परत बसवावं. रान बघायला आलेल्या पोरांना बांधावरच थांबवावं. मडगार्डवर कुणालाही बसवू नये, भाऊ असला तरी. ट्रॉलीत वऱ्हाड भरू नये. अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळतीलच असं नाही, आणि गेलेली माणसं तर कशानंच परत येत नाहीत.

कराचंही माहीत असावं. स्वतःच्या रानातलं उत्पन्न शेतीचं, दुसऱ्याच्या रानात ट्रॅक्टर फिरवून मिळालेलं धंद्याचं. ते करमुक्त शेती उत्पन्नात बसत नाही. शेतीकामाच्या भाड्यावर जीएसटी नाही, एवढा दिलासा आहे. वही नीट ठेवली तर दोन्ही गोष्टी सोप्या जातात, आणि कोण किती थकलंय तेही दिसतं.

नवा ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या पोरांना एकच सांगणं : शोरूमला जाण्याआधी वही घेऊन गावात फिरा. कुणाचं किती रान, कुणाला कधी काय लागतं, आता कोण करून देतं, पैसे कधी देतो, हे लिहून काढा. घरचं धरून ७०० तास कागदावर जमत नसतील तर ट्रॅक्टर घेऊ नका, जुन्या ट्रॅक्टरवाल्याबरोबर भागीत पेरणी यंत्र किंवा मळणी यंत्र घ्या. त्याच्याकडे चाकं आहेत, तुमच्याकडे अवजार येईल, दोघांचेही तास वाढतील.

बाकीच्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्या भाड्यानं रान करून घेणाऱ्यांसाठी : गेल्या हंगामात ज्यानं तुमची पेरणी करून दिली त्याची बाकी असेल तर ती या आठवड्यात द्या. त्यानं मागायची वाट बघू नका.