मुक्काम तामलवाडी

पर्थ, १० फेब्रुवारी

ती. आप्पा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर आईनं विचारलं, "सगळ्यांची तोंडं अशी काय दिसाय लागलीत रं, भिंतीचे पोपडे निघाल्यागत?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती. पोपडेच निघत होते.

झालं असं, की रविवारी आम्ही चौघं कॉटेस्लोच्या समुद्रावर गेलो. पारा २७ अंशांवर. मे महिन्यात कळंबच्या स्टँडवर एसटीची वाट बघत वाढलेल्या माणसाला २७ म्हणजे स्वेटर काढायचे दिवस. तुमच्या सूनबाईनं क्रीमची बाटली पुढं केली. मी म्हणालो, "ठेव ती. ऊन आपल्या घरचं आहे." दुपारी समुद्रावरून गार वारं सुटलं. या वाऱ्याला इथले लोक 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. खुद्द डॉक्टर आलेत म्हटल्यावर मी सदरा काढला आणि बनियनवर आडवा झालो.

इथं हवामानाच्या बातमीत तापमानाच्या शेजारी अतिनील किरणांचा आकडाही सांगतात. तीन झाला की अंग झाका म्हणतात. त्या दिवशी तो अकरा होता. हे किरण मोठे लबाड. अंगाला ऊब लागते ती निराळ्या किरणांची. हे मुकाट भाजत राहतात, वारं कितीही गार असो. कळतं ते सांजच्याला. रात्री खांदे तांबडे, दुसऱ्या दिवशी सदऱ्याचा स्पर्श सोसेना, आणि चार-पाच दिवसांनी मेलेली कातडी सुटायला लागली.

आता याला मराठीत म्हणायचं काय? आपल्याकडं ऊन 'लागतं', पण ते डोक्यात जातं. माणूस रापतो, काळवंडतो, करपतो. खांद्याची साल निघते याला मात्र शब्द नाही, कारण आपल्या सावळ्या कातडीवर ती पाळी क्वचित येते. पोरं 'सनबर्न, सनबर्न' करत घरभर फिरायला लागली. मेयरचा महापौर सावरकरांनी केला, हे तुम्ही वर्गात किती वेळा सांगितलंय! अशा मास्तरांच्या नातवंडांच्या तोंडी सनबर्न? लगेच बैठक बसवली.

पाठीवरच्या लाल चकंद्याला थोरलीनं 'उनपोळी' म्हटलं. एकमतानं मंजूर. पाठीला बनियनचा पांढरा छाप उरलाय, तो 'बिनपोळी भाग'. ज्याची साल निघते तो 'सालगडी'. यंदा घरात चार सालगडी आहेत, बिनपगारी. मी म्हणालो, पुढच्या वर्षीही असंच झालं तर त्याला 'सालाबादप्रमाणे' म्हणू. त्यावर सूनबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, की तो शब्द बाद झाला.

खरी कमाल धाकट्यानं केली. तुम्ही दर सुट्टीत ज्या रस्त्यानं त्याला मामाकडं नेता, तो रस्ताच त्यानं अंगावर आणला. भाजलं तो दिवस धाराशिव. कुंकवासारखं लाल झालं की तुळजापूर. कडा सुटून खाज सुटली की तामलवाडी. आणि सोलायला लागलं की सोलापूर! आता सकाळी दात घासताना चौकशी होते, "बाबा, कुठं आलात?" काल मी तामलवाडीच्या टोलनाक्यावर खोळंबलो होतो. सूनबाईचं नाक सोलापुरात पोचलं, पण खांदे अजून तुळजापुरातच, दर्शनाच्या रांगेत.

पापुद्रा ओढू नये, आपण होऊन गळू द्यावा, हे मला माहीत आहे. पण एकमेकांची पाठ दिसली की हात राहत नाही हो. धाकट्यानं माझ्या खांद्यावरून तळहाताएवढा अखंड पापुद्रा काढला आणि उजेडात धरला. त्यावर बारीक रेघा, बांध पडल्यागत. थोरली म्हणाली, "किती गुंठे निघालं?" तेव्हापासून पापुद्र्याला 'सातबारा' आणि खालच्या गुलाबी कातडीला 'फेरफार' म्हणतात.

आप्पा, एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूनं आहे. या देशात १९८१ सालापासून एक समुद्रपक्षी जाहिरातीत नाचून सांगतो, सदरा घाला, क्रीम फासा, टोपी चढवा. शाळेत तर टोपी नसेल तर मैदानावर खेळू देत नाहीत. तुमची पूर्ण बाह्यांची बंडी, डोक्यावर टोपी आणि बारा ते चार लिंबाखालची बाज पाहिली, तर तो पक्षी तुमच्या पाया पडेल. क्रीम तेवढं राहिलं.

आईला सांगा, कोरफड इथंही लावतात, पण बाटलीतली, डॉलर मोजून. आपल्या न्हाणीमागं जी फुकट वाढलीय, तिला पाणी घालत जा.

कळावे,
तुमचा सालगडी

ता. क. धाकट्याला वर्गात बाईंनी विचारलं, तुमच्या भाषेत सनबर्नला काय म्हणतात? त्यानं सांगितलं, 'सोलापूर'. बाईंनी ते फळ्यावर लिहून घेतलं आणि सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं. मामांना एवढ्यात कळवू नका.