प्लांकेनचे तुकडे

लिख्टेनश्टाइन हा देश १६० चौरस किलोमीटरचा. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. एवढ्या राज्याला एक तलाठी आणि एक सायकल पुरली असती, असं आपल्याला वाटतं. पण तिथे ११ गावं आहेत आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा. शिवाय वरचा मुलूख आणि खालचा मुलूख, म्हणजे ओबरलँड आणि उंटरलँड. संसदेच्या २५ जागांपैकी १५ वरच्यांना, १० खालच्यांना.

ही वाटणी जुनी आहे. व्हिएन्नातल्या लिख्टेनश्टाइन घराण्याला पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत खुर्ची हवी होती आणि त्यासाठी थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन लागायची. म्हणून त्यांनी १६९९ मध्ये खालची जहागीर विकत घेतली, १७१२ मध्ये वरची. खुर्ची मिळाली. मालक मात्र व्हिएन्नातच राहिले. गादीवरचा राजा तिथे मुक्कामाला आला तो थेट १९३८ साली! घर घेऊन ते बघायला न जाणारे लोक मी पाहिलेत, पण सव्वादोनशे वर्षं म्हणजे फारच झालं.

नकाशे चाळायची मला खोड आहे. हा नकाशा मात्र भिंग घेऊनच बसायच्या लायकीचा. राजधानी फाडुत्स ऱ्हाइनच्या काठाला. बोट पूर्वेकडे सरकवा, मधे ट्रीझेनबर्ग लागतं, आणि डोंगरापलीकडे पुन्हा फाडुत्स! प्लांकेन हे पाचशेच्या आसपास वस्तीचं गाव, सगळ्यांत कमी लोकांचं, पण तेही असंच विखुरलेलं. कारण साधं आहे. सामाईक कुरणं आणि जंगलं वाटून घेताना ज्याच्या वाट्याला जिथलं गवत आलं, तिथे त्याची हद्द गेली. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ साली झाला. प्लांकेनला तो कुणी कळवलेला दिसत नाही.

मानपानही आहेच. शान गावाची वस्ती फाडुत्सपेक्षा जास्त, तरी महापौर म्हणवून घ्यायचं फक्त फाडुत्सच्या प्रमुखानं. बाकीचे दहा नुसते गावप्रमुख. शानच्या गावप्रमुखांच्या घरी या विषयावर जेवताना काय बोलणं होत असेल, ते आपण न ऐकलेलंच बरं.

२००७ मध्ये सुमारे १७० स्विस सैनिक रात्री वाट चुकून या देशात शिरले आणि परतही गेले. स्विस लोकांनी आपण होऊन सांगितलं, तेव्हा कुठे सरकारला पत्ता लागला. देशाची सीमा अशी बिनघोर, आणि गावांच्या हद्दी मात्र कुरणाकुरणातून काटेकोर आखलेल्या.

खरी गंमत २००३ सालच्या घटनादुरुस्तीत आहे. बहुमत झालं तर कुठल्याही गावाला देशातून फुटून निघण्याचा हक्क तिने दिला. म्हणजे उद्या प्लांकेन स्वतंत्र होऊ शकतं. मग पाचशे माणसांचं परराष्ट्र खातं लागेल, आणि गुराख्याला आपल्याच वरच्या कुरणात जायला पासपोर्ट. त्यातही पहिल्या सभेत कुणीतरी उठून विचारेलच, की वरच्या आळीला जागा किती आणि खालच्या आळीला किती?