मापनिष्ठ गृहस्थ

घरात फर्निचरचे काम निघाले की शहरी मराठी वस्तीत जो मनुष्यप्रकार हटकून उगवतो, त्यास सोयीसाठी मापनिष्ठ गृहस्थ म्हणावे. एरवी तो निरुपद्रवी असतो. परंतु हॉलमध्ये प्लायवूड येऊन पडले की त्याच्या एका हाती टेप आणि दुसऱ्या हाती मोबाइल येतो, व इंचांचे मिलिमीटर करणे हे तो आपले कुलकर्तव्य मानू लागतो. 1956 च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली, ही बातमी मिस्त्रीपर्यंत अद्याप पोहोचली नसावी, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

मिस्त्रीचा व्यवहार सुतात चालतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात 3.175 मिलिमीटर, यातले तिसरे दशांशस्थळ गृहस्थास प्राणप्रिय असते. बाजाराने मात्र दोन्ही पद्धतींचा संसार केव्हाच थाटलेला आहे. ‘आठ बाय चारचा अठरा एमएम’ या मागणीत प्लायची लांबी-रुंदी फुटांत आणि जाडी मिलिमीटरमध्ये असते, त्यावर चिकटवायचा मायका एक मिलिमीटरचा आणि ड्रॉवरचे चॅनेल पुन्हा इंचांत; दुकानदाराला त्यात काही वावगे वाटत नाही. मिस्त्री या अठरा एमएमला खुशाल ‘पाऊण इंची’ म्हणतो, आणि पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर होत असल्यामुळे एक मिलिमीटर कोणी खाल्ला, या विचाराने गृहस्थाची दुपारची झोप उडते.

खरी कसोटी कपाटाच्या खणापाशी लागते. मिस्त्री ‘पाच फूट सात इंच तीन सूत’ असे पुकारतो; गृहस्थ बोटे चालवून 1711.325 हा आकडा प्लायवर पेन्सिलीने लिहितो. टेपवर मिलिमीटरच्या खाली रेघच नाही आणि करवतीचे पातेच सूतभर लाकूड खाते, या गोष्टी त्याच्या लेखी गौण होत. भिंत मुळात ओळंब्यात नसते, म्हणजे वर एक माप भरते व खाली दोन सूत कमी. तेव्हा मिस्त्री ‘साहेब, जरा सरका’ म्हणून एक पट्टी फटीत उभी धरतो, भिंतीच्या कलाने खूण ओढतो, रंधा मारतो आणि ती ठोकून बसवतो. गृहस्थ मग बसलेली पट्टी मोजून तिचे मिलिमीटर वहीत टिपून घेतो.

मजुरीचे बिल चौरस फुटांवर येते. तेथे मात्र चौरस मीटरचा आग्रह न धरता तो थेट घासाघिशीला बसतो.