घरोघरी ग्रीकांच्या चुली

ऐकलंत का? आपल्या आळीतला मिल्या ग्रीक निघाला! शिव शिव शिव! नावाच्या बाबतीत आपण रत्नांग्रीकर केवढे काटेकोर. राशीचं अक्षर, आजोबांचा मान, आत्याची पसंती! एवढे नाके ओलांडून हा मिनॅन्डर नावाचा यवन पाळण्यात शिरलाच कसा?

बरं, तो काही एकटा आहे? अथेन्समधला मिनॅन्डर विनोदी नाटकं लिहायचा. त्यातलं एक इजिप्तच्या पपायरसवर सापडलं आणि १९५८ साली छापून आलं. (हस्तलिखितं उशाशी घेऊन बसलेल्या नाटककारांनो, धीर धरा.) एक वक्तृत्वाचे धडे देणारा, एक बायझंटाइन इतिहासकार. आणि एक थेट राजा! इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट. त्याची नाणी दोनेकशे वर्षांनीही भडोचच्या बाजारात चालत होती. आपली नोट एका रात्रीत बाद होते!

या राजाने भिक्खू नागसेनाला प्रश्नांनी भंडावलं, शेवटी हार मानली आणि पाली ग्रंथात तो मिलिंद झाला. ब्रह्मदेशात 'मिलिंदपञ्हो' त्रिपिटकातच धरतात. म्हणजे आपल्या टेकडीवरच्या वाड्यात १९१६ साली वारलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजालाही हा पाहुणा परका नसणार. पुढे बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली काढलेल्या कॉलेजला नाव मिळालं मिलिंद, परिसराला नागसेनवन. मग काय, बौद्धवाडीत एका पाळण्यात मिलिंद, शेजारच्या पाळण्यात नागसेन!

त्यांनी निदान ओळखून-पारखून नाव ठेवलं. आणि आपण? "छे हो, कसला ग्रीक? मिलिंद म्हणजे भुंगा. शुद्ध संस्कृत!" भुंगा? मोहोरावर तुडतुडा दिसला की पंप घेऊन धावणारे आपण, पोटच्या पोराला खुशाल भुंगा म्हणतो? त्यात १९९५ साली 'मेड इन इंडिया'च्या गाण्यात हापूस निघावा तसा मिलिंद सोमण पेटीतून निघाला. नाव ग्रीक, शिक्का देशी! तेव्हा कोणी नाक मुरडलं होतं? टीव्हीसमोरून उठलं तरी होतं का कोणी?

आता साळसूदपणे हसू नका. फोनमध्ये नुसतं 'मि' टाकून बघा. मिलिंदकाका, मिलिंद वायरमन, मिलिंद आंबेवाले, मिलिंद (दुसरा नंबर). आहेत ना?

आमच्याकडेही एक आहे. बारशाला त्याच्या कानात 'कुर्र' करून ते नाव सांगणारी आत्या मीच.