बांधावर मनःशांती

डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला, आकडा कागदावर लिहिला आणि कागद माझ्याकडे फिरवला. 160 वर 100. "मीठ कमी करा आणि चिडचिड बंद करा," ते म्हणाले. मिठाचं मी मुकाट ऐकून घेतलं. पण "मी कुठं चिडतो?" हे मी अशा आवाजात विचारलं, की बाहेर नंबर लावून बसलेल्या दोन बायका दारातून डोकावल्या.

परत येताना आळ्याला उतरलो. ज्ञानदेवांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आमच्या जुन्नर तालुक्यात, आळ्याला आहे, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मानत आलोय. मला त्या रेड्याबद्दल नेहमी एका गोष्टीचं आश्चर्य वाटतं. पैठणच्या विद्वानांसमोर वेद म्हणून दाखवले, आणि त्याचा पुढं कधी डांगोरा पिटला नाही. मी ग्रामसभेत एक प्रश्न विचारला तर चार दिवस पारावर तोच विषय असतो. समाधीपुढं हात जोडले आणि ठरवलं, आजपासून कितीही काही होवो, आवाज चढवायचा नाही.

माझ्या ब्लडप्रेशरचं मूळ टोमॅटोत आहे. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं. ते बघून मी टोमॅटो लावला. पुढचं जाणकारांना सांगायला नको. माझा माल निघाला तेव्हा भाव असा बसला होता, की तोडणीची मजुरी खिशातून गेली. मग शेजारचे नाना म्हणाले, "मास्तर, तुम्ही ऊस लावा. उसाला डोकं लागत नाही." यात सल्ला किती आणि टोमणा किती, ते अजून ठरलेलं नाही. मी ऊस लावला.

ऊस बिबट्यालाही आवडतो. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, पाटाला पाणी आलं, जुन्नर-आंबेगावात ऊस उभा राहिला. हे पीक वर्ष-दीड वर्ष हलत नाही. आत गारवा, आडोसा, जवळच पाणी, आणि जेवणाला वस्त्यांवरची कुत्री, शेळ्या, वासरं. बिबट्याच्या माद्या उसातच वितात. तिथं वाढलेल्या पिल्लांना माझा ऊस हेच जंगल वाटतं. सातबारा माझ्या नावावर आहे, पण तो त्यांना कोण दाखवणार?

शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. डॉक्टरांकडून आलो त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. वनखात्याची माणसं गावात सांगून गेली होती: एकट्यानं जाऊ नका, बॅटरी-काठी जवळ ठेवा, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावा. समोर दिसलाच तर पळू नका, खाली बसू नका, वाकू नका, कारण वाकलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. आरडाओरडा करा. नाना लावण्या लावतात. तमाशाची पंढरी नारायणगाव जवळच, त्यामुळं त्यांच्याकडं साठा मोठा आहे. माझ्या मोबाइलवर मात्र पुण्याच्या भाचीनं माझ्या तब्येतीसाठी 'मनःशांती' नावाचं काहीतरी भरून दिलं होतं. बासरी आणि मधूनमधून बोलणारी एक बाई. म्हटलं, आवाज होण्याशी मतलब.

अकराला मोटर चालू केली. एक सरी भरली, दुसरीचं दार मोडलं आणि मागं वळलो. बांधावर, घराच्या वाटेवर, दोन दिवे होते.

बॅटरीच्या उजेडात ते जरा वर उचलले गेले आणि त्यांच्याखाली पांढरट गळा दिसला. बसला होता. पुढचे पाय नीट जुळवून, एखादा पाहुणा ओसरीवर बसावा तसा. आमच्यात वीस-पंचवीस पावलांचं अंतर असेल. मी मागं सरकलो तर डावी चप्पल चिखलात राहिली. वाकायची तर सोय नाही. एक पाय चपलेत आणि एक गाळात, असा मी उभा राहिलो.

खिशातली बाई म्हणाली, "आता एक दीर्घ श्वास घ्या."

घेतला.

"शरीर सैल सोडा."

ते आधीच सुटलं होतं.

"डोळे हळूच मिटा. तुमच्यासमोर एक सुंदर, हिरवंगार वन आहे."

एवढ्यात लाइट गेली आणि मोटर बसली. आतापर्यंत त्या घरघरीचा आधार होता हे तेव्हा कळलं. शिवारात आता ती बाई, बासरी आणि माझ्या छातीचे ठोके. बिबट्यानं जांभई दिली. वनखात्यानं ओरडा म्हणून सांगितलेलं, पण घशातून आवाज निघेना. त्या क्षणी कुणी माझं ब्लडप्रेशर मोजलं असतं तर आकडा पट्ट्यात मावला नसता. बाहेरून मात्र मी रेड्यासारखा शांत.

असा किती वेळ गेला कोण जाणे. बाई मध्येच थांबली आणि फोन वाजला. घरून.

"अहो, दादा आलाय. तो म्हणतोय, लाइट आहे तोवर तिसरी सरीपण उरकून घ्या."

आणि माझा आवाज सुटला. "इथं वाघासमोर उभा आहे मी! आणि तुझा भाऊ मला सऱ्या शिकवतो? ज्यानं दोन वर्षांपूर्वी फवारणीचा पंप नेला तो अजून परत दिला नाही? त्याला म्हणावं, लाइट गेली! टोमॅटो गेला! चप्पल गेली! पंप पण गेलाच समजा!" मग त्याच्या लग्नातल्या बुंदीपासून माझ्या निवृत्तीला त्यानं दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळापर्यंत, मनात होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं. नाना त्यांच्या मळ्यातून "काय झालं, काय झालं" करत बॅटरी घेऊन धावले.

पाहिलं तर बांध मोकळा. तो कधी उठून गेला, ते मला कळलंही नाही.

नानांनी वाकून माझी चप्पल काढून दिली. "मास्तर," ते म्हणाले, "लावणीपेक्षा हे बरं आहे. माझ्या उसातूनपण चालला असेल तो." मला उगाचच अभिमान वाटला. छाती काढून घराकडं निघालो.

घरी गेल्यावर कळलं, फोन तिकडं स्पीकरवर होता.

मेहुणे पहाटेच निघून गेले. दुपारी एक पोरगा मोटरसायकलवर येऊन पंप ओसरीवर ठेवून गेला, धुऊन, नवीन वॉशर घालून. सौ. कालपासून माझ्याशी बोललेली नाही. जेवणाचं ताट समोर येतं, त्यात मीठ अजिबात नसतं, आणि घरात इतकी शांतता आहे, की भिंतीवरचं ते घड्याळ ऐकू येतं.