शेजारी वऱ्हाड उतरलंय: नवख्या केबिन क्रूसाठी झोपेची मार्गदर्शिका

अभिनंदन. विमान झटपट रिकामं कसं करायचं, पाण्यावर उतरलं तर तराफा कसा फुगवायचा, हे तुम्ही शिकलात. शेजारच्या खोलीतल्या काकांना रात्री अडीचला गप्प कसं करायचं, हे मात्र कुणी शिकवलेलं नाही. पहिलाच लेओव्हर पुण्याचा लागलाय आणि तोही लग्नसराईत, तेव्हा आडवं होण्यापूर्वी एवढं वाचून घ्या.

तुळशीची लग्नं लागली की माणसांची सुरू होतात. विमाननगर, कल्याणीनगर, खराडी इथल्या हॉटेलांत मग एकाच मजल्यावर अर्धा मजला वऱ्हाड आणि अर्धा मजला क्रू असा संसार थाटला जातो. त्यामुळे रिसेप्शनवर किल्ली हातात पडण्याआधीच तोंड उघडा. लिफ्टजवळची खोली नको, बँक्वेट हॉलच्या डोक्यावरची नको, आणि दोन खोल्यांना जोडणारं दार असलेली तर फुकट दिली तरी नको. त्या दाराला कडी असते, जाडी नसते. पलीकडे आहेराची पाकिटं उघडायला घेतली, की कुठल्या मामाने किती घातले आणि त्यावर मामी काय म्हणाली, हे तुम्हाला पहाटेपर्यंत पाठ होतं.

खोलीत शिरल्यावर दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा, पडदे मधोमध पँटच्या हँगरच्या चिमट्यांनी जोडा, एसीचा पंखा मोठा करा. कानात बोळे घालणार असाल तर फोन उशीखाली कंपनावर ठेवा. वेक-अप कॉल ऐकूच आला नाही, ही सबब क्रू शेड्युलिंगच्या लोकांनी फार वेळा ऐकलेली आहे.

आता कायदा. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 तुमच्या बाजूने आहेत असं वाटेल, कारण रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. पण त्याच नियमात बंदिस्त जागांना, अगदी बँक्वेट हॉलचा नावानिशी उल्लेख करून, सूट दिलेली आहे. शिवाय कायद्याची रात्र सकाळी 6 ला संपते आणि रात्रभर उडून आलेल्या क्रूची तेव्हा कुठे सुरू होते. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, 1 जुलै 2025 पासून वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 वर नेली. तास मोजले जातात, त्यात झोप किती लागली हे कोण मोजणार? दुपारी एक ते चार या वामकुक्षीच्या वेळेला पुण्यात अजून मान आहे म्हणतात. हॉटेलच्या व्हॅक्यूम क्लीनरपर्यंत ही बातमी पोचलेली नाही.

आणि हो, सुखोई या लढाऊ विमानांच्या आवाजाची तक्रार रिसेप्शनवर करू नये. लोहगावची, म्हणजे पुणे विमानतळाची, धावपट्टी हवाई दलाची आहे, तिथे आपणच पाहुणे.

नवखा क्रू इथे एक हमखास चूक करतो. विमानातल्या सवयीने तो शेजाऱ्याला उपद्रवी प्रवासी समजतो. डीजीसीएच्या 2017 च्या नियमावलीत अशा प्रवाशांच्या तीन पायऱ्या आहेत: शिवीगाळ किंवा दारूच्या नशेतला दंगा केला तर तीन महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी, धक्काबुक्कीला सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतणारं काही केलं किंवा कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न केला तर किमान दोन वर्षं. कॉरिडॉरमध्ये अंताक्षरी खेळणारी आत्या यातल्या कुठल्याच पायरीवर बसत नाही. तिला बेल्टचा दिवाही दाखवता येत नाही. आपला अधिकार विमानाच्या दारापर्यंत. पुढे सगळा आर्जवाचा मामला.

आर्जवाला जाताना युनिफॉर्म अंगावर नको. युनिफॉर्म दिसला, की दार उघडणारा माणूस आधी गेल्या दिवाळीत हरवलेल्या बॅगेचा हिशेब मागतो, मग विमानात साधे पोहे एवढे महाग का, ते विचारतो, आणि शेवटी आतून पिंकीला हाक मारतो, कारण पिंकीला एअर होस्टेस व्हायचंय. तासभर गेला म्हणून समजा. साध्या कपड्यांत जा आणि माणूस नीट निवडा. मुलीच्या वडिलांना गाठण्यात अर्थ नाही, त्यांचं त्या रात्री कुणीच ऐकत नसतं. पत्ते कुटणाऱ्या भाचेमंडळींना सांगाल तर ते ‘सॉरी, सॉरी’ म्हणतील आणि तुम्हालाच एक हात खेळायला बसवतील. शोधायची ती खोल्यांची यादी आणि सेफ्टी पिनांचा डबा जिच्या ताब्यात आहे ती मावशी. ती प्रत्येक वऱ्हाडात असते.

वाक्य एवढंच: “मावशी, पहाटेचं विमान आहे, थोडं झोपू द्याल का?” विमान कुठलं, हे ती विचारणारच. नागपूरचं असेल तर तुमचं नशीब जोरावर, कारण मुलाकडची दोन-चार मंडळी बहुधा त्यानेच परतणार असतात. मग मावशी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन जो एकच आवाज देते, तो त्या रात्रीचा सगळ्यात मोठा आणि शेवटचा. ड्यूटी मॅनेजरच्या तीन फोनांनी जे होत नाही, ते इथे होतं. सोबत चिवड्याची पुडीही येते. घ्यावी.

राहता राहिला पिक-अप. पावणेचारला सहा जणांच्या सहा बॅगा फरशीवरून खडखडत निघतात, कुणीतरी “अगं, आयडी घेतलास का?” म्हणून मागे ओरडतं, आणि दार आपल्या वजनाने धाडकन लागतं. वऱ्हाडाच्या बाजूने पाहिलं तर गोंगाट करणारे शेजारी म्हणजे आपणच, आणि रिसेप्शनच्या वहीत तशी तक्रारही सापडेल. तेव्हा लिफ्टपर्यंत बॅग उचलून न्या. लिफ्टमधून नऊवारी नेसवणारी बाई बाहेर येईल आणि मुलीकडचे कुठल्या खोलीत, असं विचारेल. खोली क्रमांक तर तुम्हाला एव्हाना पाठच आहे. सांगा, पण हळू.